चौथ्या मागाची उणी मिनिटं

वडगावच्या सुबरावांच्या शेडमध्ये चार यंत्रमाग. कुठला माग किती वेळ चालला ते कळावं म्हणून त्यांच्या लेकीनं, केतकीनं, एक प्रोग्राम लिहून दिला होता. बंद झाल्याच्या वेळेतून सुरू झाल्याची वेळ वजा करायची, एवढंच काम. कधी घड्याळं मागंपुढं झाली की उत्तर उणे यायचं आणि सुबराव हसायचे. म्हणून तिनं उण्याचं चिन्हच दाखवणं बंद केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

त्या दुपारी सुबरावांनी तिला मुद्दाम बोलावलं. त्यांचा भाऊ मष्णू चौथ्या मागावर शॉक लागून गेला, तेव्हापासून त्या मागाची वायर तोडलेली होती. तरी प्रोग्राममध्ये त्या मागापुढं तास दिसत होते आणि रोज कमी होत होते. चाललेला वेळ कधी कमी होतो का?

"तुझं तू बघ," सुबराव म्हणाले. "मी वायर जोडतो. भावाची अर्धी साडी मागावर ठेवणं बरं न्हवं."

ते शेडमध्ये गेले. केतकीनं अंगणात बसून उण्याचं चिन्ह परत आणलं.

उणे बारा मिनिटं.

प्रोग्राम चालतो त्या परदेशी सर्व्हरचं घड्याळ साडेपाच तास मागं असतं, तोच नेहमीचा घोळ असेल, म्हणून तिनं सगळं तपासलं. घोळ नव्हता. तोवर उणे तीन मिनिटं झाली होती. हा माग चालल्याचा वेळ नव्हताच. तो सुरू व्हायला उरलेला वेळ होता, आणि त्याच्या शेजारी विणकर म्हणून नाव होतं मष्णूचं.

मोबाईल घेऊन ती धावली. उन्हातून आत शिरल्यावर डोळ्यांपुढं अंधार. सुताचा, तेलाचा कोंदट वास.

"आप्पा... बाहेर चला..."

चाचपडताना हात सापडला. गार होता. तो धरून ती दाराकडं निघाली. मागून पावलं निमूट आली. वडील ऐकताहेत, या विचारानं तिला रडू फुटलं. दारात पोचून तिनं आधी मोबाईल पाहिला. शून्य.

"केतके," आतून, चौथ्या मागापाशी सुबरावांचा आवाज आला, "वायर जोडली बघ. चालू करतो..."

आप्पांना थांबवायला वळायला हवं होतं. पण मागं वळून बघायची छाती होईना. तिच्या हातातल्या हातानं तिची बोटं घट्ट आवळली होती. आत खटखट सुरू झाली, आणि मोबाईलवर आकडा आला: एक मिनिट. यावेळी त्याच्याआधी उण्याचं चिन्ह नव्हतं.