ओली राळ

टप्प्…

डोक्यावर काहीतरी पडलं. हात लावला, तर केसांत पांढरा चिकट गोळा — आणि वास मात्र असा, की कुणीतरी लिंबाची साल बडीशेपेत चुरडली असावी!

"ओढू नकोस!" वरून आवाज आला. "टक्कल पडेल."

पिलीच्या झाडाला लावलेल्या शिडीवरून तो भराभर उतरला. कमरेला कोयता, कोपरापर्यंत राळ माखलेली.

"बोल — कात्री की खोबरेल?"

"म्हणजे?"

"पोरगी सोशिक असेल तर खोबरेल लावून हळूहळू सुटते."

"आणि नसेल तर?"

"मग कात्री माझ्यावरच चालते."

मी हसले आणि शिडीच्या पायरीवर बसले. तो मागे उभा राहून एकेक केस सोडवू लागला. हा आवाज मी कुठे ऐकला होता? …आठवलं! आमच्या इरोसिन गावात ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात ख्रिस्ताचं दुःख चॅपलमध्ये गाऊन वाचतात, त्या पबासात. गायलेल्या देववाणीवर माझा फार जीव. घरचे हाका मारून थकतात, मी उठत नाही.

"गेल्या वर्षी पबासातलं पेत्राचं रडणं तूच गायलास ना, मनोय?"

"मनोय नको. दादा म्हणायला घरी बहिणी आहेत. इसिद्रो म्हण."

"बघू," मी म्हटलं. "मी साल्विंग. आणि मला तुझी राळ हवीय, मनोय."

माझी आई पिलीच्या बिया फोडून विकते. दर पावसात अर्धी पोती काळ्या बुरशीनं जातात. त्याच झाडाच्या राळेचं तेल काढून ती बुरशी अडवायची, हा माझ्या रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा हट्ट होता.

काही दिवसांनी तो स्वतः कॉलेजात राळ घेऊन आला. केळीच्या पानात बांधलेली, पांढरीशुभ्र, खडीसाखरेसारखी. सालीचा एक कण नाही.

मी वाफेवर तेल उतरवलं. बुरशी पेरलेल्या काचेच्या बशीत तेलाची कागदी टिकली ठेवली, हात जोडले… आणि बुरशी खुशाल टिकलीवर चढून बसली. पुन्हा केलं. पुन्हा तेच!

"विषय बदल, साल्विंग," ओर्बासे मॅडम म्हणाल्या. "ईस्टरनंतर दुसरा देते."

"ईस्टरपर्यंत वेळ आहे ना, मॅडम?"

रडणार नव्हते मी. यंत्रानं काढलेला तेलाचा आलेख पुन्हा पुढ्यात घेतला. एलेमॉल हा जड घटक ताठ उभा होता. पण लिमोनीन, फेलँड्रीन — सगळे हलके, पटकन उडणारे, वास देणारे — त्यांचे सुळके जमिनीला टेकलेले. उरलेला खडा हुंगला. माझ्या केसांतला तो वास त्यात नव्हताच!

तशीच त्याच्या अंगणात गेले. छपरावर सुपं मांडलेली, सुपांत राळ, राळेवर कडक ऊन.

"माझी राळ वाळवलीस?"

"मग? चर्चच्या धुपाला देतो तशीच." तो गोंधळला. "साल वेचली, उलटीपालटी केली… देवाला देतो ती तुला दिली. बाजारात जाते तसली तुला कशी देऊ?"

राग ओठांवर होता, आणि डोळे भरून आले.

"माझं अर्धं तेल उन्हानं पिऊन टाकलं, मनोय."

"मग उन्हाशी भांडू?"

"नको. झाडावर चढ. शिडी मी धरते. मला ओली हवी, आत्ताची."

"घाण असते. मुंग्या असतात."

"असू देत."

"हात चिकटतील…"

बरणीचं झाकण घट्ट लावताना खरंच चिकटले. त्याचेही, माझेही. सोडवायची घाई कुणालाच नव्हती…

पवित्र बुधवारी प्रयोगशाळेतून थेट चॅपलमध्ये गेले आणि त्याच्याशेजारी बसून बशी त्याच्यापुढे सरकवली. बशीभर काळी बुरशी — पण टिकलीभोवती स्वच्छ, गोल कडं. तिथं येऊन बुरशी थांबली होती.

तो बघतच राहिला. त्याची ओळ आली आणि गेली.

"अरे पोरा! झोपलास का?" पलीकडून एक म्हातारी खेकसली.

मग मीच सूर उचलला. पेत्राचं रडणं मी गायले, आणि तो बशीवर हात ठेवून ऐकत राहिला.

बाहेर आल्यावर म्हणाला, "मॅडम काय म्हणाल्या?"

"पुन्हा करून बघ. तसंच आलं तर लिही. विषय तोच."

"म्हणजे अजून राळ लागेल."

"खूप लागेल."

"देवाला वाळलेली, तुला ओली…" तो थांबला. "जन्मभर दिली तर — चालेल?"

आत पुढचं कडवं सुरू झालं होतं.

"पवित्र आठवड्यात असलं विचारतात का? ईस्टरला सांगेन… इसिद्रो."

तो हसला. ईस्टरची वाट बघायचं त्याला आता काही कारण उरलं नव्हतं.