झाकणाचा चषक

काचेचं वेड माणसाला म्हातारं होऊ देत नाही, असं वेंडेलिन म्हणायचा. "जा, आरशात बघून ये," असं त्याची बायको ओटिलीए म्हणायची.

नोव्ही बोर या चेक गावातल्या त्यांच्या घरातली सगळी कपाटं जुन्या काचेनं भरली होती. नवी वस्तू आली की रिवाज ठरलेला. वेंडेलिन तिच्यावर तोंडाची वाफ सोडायचा, पुसट कोरीवकाम उठून दिसायचं आणि ओटिलीए भिंगातून ते निरखायची. अलीकडे तेवढाही श्वास त्याला पुरत नव्हता. हा हिवाळा निघेल का, असं विचारल्यावर डॉक्टरांनी नजर चुकवली होती.

पानगळीत त्यानं बाजारातून एक माणकी रंगाचा चषक आणला. त्यावर हरणांचं रान कोरलेलं आणि वर घट्ट झाकण. त्यानं वाफ सोडली. काच धूसर झाली ती तशीच राहिली.

"पूस ना."

"पुसतेच आहे. आतून आहे रे ही."

दोघं बघत राहिली. वाफ विरली, पुन्हा आली.

"कुणीतरी उसासे टाकतंय," म्हणत वेंडेलिन खो खो हसला. एवढं हसूनही त्याला खोकला आला नाही.

त्यानंतर तो जिना चढायला लागला, स्वयंपाकघरात शिट्ट्या मारायला लागला. तिकडे कपाटात काच धूसर व्हायची, निवळायची. ओटिलीएनं खोलात जायचं टाळलं. धर्माच्या गाईचे दात कशाला मोजायचे? तिला तो हवा होता, कसाही.

थंडी पडल्यावर हिनेक दुपारी जेवायला आला. वेंडेलिनचा जुना मित्र, तोही काचवेडा. पानावरून उठून तो थेट कपाटाशी गेला.

"लबाडा, याचा नाद नाही ऐकवलास!"

नाद ऐकायचा तर झाकण काढून कडेला टिचकी मारायची. काचवेड्याचा हात आपोआप तिकडेच जातो. हिनेकनं झाकण उचललं.

"त्या साली आम्ही प्रागला," वेंडेलिन सांगत होता, आणि थांबला.

काटा तोंडाजवळ. डोळे उघडे.

चषकाची काच लख्ख झाली.

ओटिलीएनं झाकण हिसकावलं आणि खाडकन बसवलं. जुन्या काचेशी ती जन्मात अशी वागली नव्हती.

काच धूसर झाली.

"गेलो होतो, तेव्हा काय बर्फ होता!" म्हणत वेंडेलिननं घास खाल्ला.

"वहिनी, मी काय फोडणार होतो का?" हिनेक पुटपुटला.

"जेवा आधी. गार होतंय."

निरोप द्यायला तिघं फाटकापाशी आली. कडाक्याची थंडी होती. हिनेकच्या तोंडून वाफ निघत होती, ओटिलीएच्याही. वेंडेलिन भरभरून बोलत होता आणि त्याच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती.

हिनेक बोलता बोलता अडखळला.

ओटिलीएनं गळ्यातला मफलर सोडला आणि नवऱ्याच्या नाकापर्यंत नीट गुंडाळला.

"थंडी बाधेल रे तुला," ती म्हणाली.