साठ दिवसांची मुदत

"आठव्या कलमात 'शक्यतो' हवं," संयुक्त सचिव बल्लाळ शांतपणे म्हणाले आणि डॉ. शर्वाणी कोठावळेने कपाळावर हात मारून घेतला.

राष्ट्रीय पर्यावरण संरक्षण धोरणाचा हा एकोणिसावा मसुदा. नऊ वर्षं हेच गुऱ्हाळ चाललं होतं. शब्दांचा कीस पाडण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि नेमका तोच तिच्या वाट्याला आला होता.

"घाला काय घालायचं ते, पण आज मसुदा प्रतिदेशात सोडायचाच," ती म्हणाली.

नागपूरच्या धोरण प्रयोगशाळेतला मोठा पडदा उजळला. बल्लाळांनी चष्मा पुसला. "हा प्रतिदेश एकदा नीट समजावून सांगा, मॅडम."

"देशाची संगणकातली प्रतिकृती. जमीन, पाणी, जंगलं आणि दीडशे कोटी प्रतिजन. प्रत्येक प्रतिजन एकेका खऱ्या माणसाच्या सवयींवरून घडवलेला. आपण मसुदा प्रसिद्ध करायचा. ते वाचतात, आपलं हित बघतात आणि तसं वागतात. तीस वर्षं दोन तासांत उलटतात."

तिची नजर पडद्यावर एकाच ठिपक्यावर होती. कोकणातला कुडवळचा कातळसडा, उघड्या खडकाचं पठार. पावसाळ्यात तिथल्या डबक्यांत नखाएवढी एक वनस्पती उगवते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. तो सडा वाचावा एवढ्यासाठीच तिने कॉलेजातली नोकरी सोडून हा वैताग पत्करला होता.

मसुदा सोडला. पडद्यावर एक्केचाळिसाव्या दिवशीच सडा पुसला गेला.

"अजून कायदा लागूसुद्धा झाला नाही!" ती ओरडली.

"हरकती-सूचनांची साठ दिवसांची मुदत," बल्लाळ म्हणाले. "बंदी येणार हे कळलं की जो तो आधीच जेसीबी लावून मोकळा होतो. सुरू झालेलं काम कायद्याला थांबवता येत नाही."

"मग मुदतच नको."

"सुनावणीवाचून केलेला नियम न्यायालयात टिकत नाही."

तिने तरीही करून पाहिलं. स्थगिती आली, चौदा महिने टिकली, आणि तेवढ्यात निम्मा सह्याद्री पोखरला गेला. धोरणच नको म्हटलं, तर तेच सगळं सावकाश झालं. शेवटी ती यंत्रावरच उखडली. "तूच लिही! काय वाटेल ते लिही, पण जमीन वाचव."

यंत्राने लिहिलेला मसुदा चार ओळींचा होता. अंतिम आदेशाच्या दिवशी जी जमीन अस्पर्श असेल, ती मालकाने हवी तशी वापरावी. जिला आजपासून कुदळ लागेल, ती सरकारजमा.

"अहो, हे लुटीचं आमंत्रण आहे!" शर्वाणी संतापली. पडद्यावर मात्र तीस वर्षांनंतरही देश हिरवागार होता. लोकांनी सड्यांवर राखणदार नेमले होते, पाणथळींना कुंपणं घातली होती. पुढे मनसोक्त ओरबाडता यावं म्हणून प्रत्येक जण आज जिवापाड जपत होता.

"यात अंतिम आदेश कधी निघतो?" बल्लाळांनी विचारलं.

"निघतच नाही."

नऊ वर्षांत ते पहिल्यांदा हसले. "प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावं लागतं. उत्तरांनी मजकूर बदलतो. बदलला की पुन्हा प्रसिद्धी, पुन्हा साठ दिवस. भिजत घोंगडं ठेवायचं एवढंच ना? ते माझ्यावर सोडा."

याच सवयीचा तिने नऊ वर्षं राग राग केला होता. आता त्याच सवयीवर सडा तगणार होता, आणि हे काही केल्या तिच्या पचनी पडेना.

खाली सही तिची असणार होती. निदान एका माणसाला खरं सांगता येईल का, हे तिने तपासलं. तन्वीर मुकादम, तिचा जुना विद्यार्थी, आता रत्नागिरीत प्राध्यापक. तिने प्रतिदेशातल्या तन्वीरला गुपित सांगितलं. त्याने एकवीस दिवस कळ काढली. मग बाईंची बदनामी सहन न होऊन त्याने एका मित्राजवळ तोंड उघडलं. आदेश येणारच नाही हे कळताच कुणी वाट बघेना, आणि महिन्याभरात कुडवळला जेसीबी चढले.

तिने सही केली.

मसुदा प्रसिद्ध झाला त्या दुपारी फोन वाजला. खरा तन्वीर होता.

"मॅडम, हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"त्या सड्यावर तुम्ही मला पालथं झोपायला लावून ती वनस्पती दाखवली होती." त्याचा आवाज फुटला. "कुणी दबाव आणला का? सांगा ना. मी कुणाला बोलणार नाही."

"कुणी नाही. मला पटलं म्हणून लिहिलं."

मग तो म्हणाला, "आम्ही गावोगाव फिरू. लाखभर हरकती टाकू. तुमचा मसुदा जन्मात मंजूर होऊ देणार नाही."

शर्वाणीने आवाज शक्य तितका कोरडा ठेवला.

"एकत्र गठ्ठ्याने पाठवू नका," ती म्हणाली. "वेगवेगळ्या पाठवा. गठ्ठ्याला एकच उत्तर दिलं तरी चालतं."