यादीतला पाचवा फोन

चारला दोन मिनिटं कमी होती आणि ती जिना चढत होती, धावतच. मधल्या वळणावर खालच्या दुकानातला घड्याळवाला हातातला फोन उंच धरून उभा होता. ती नेमकी त्याच्यावरच आदळली.

"अहो, बघून!"

"मी उभाच होतो…" तो पुटपुटला आणि फोनसकट दोन्ही हात त्याने खिशात घातले. कान लालेलाल.

"मग कडेला तरी उभं राहायचं!" म्हणत ती वर पळालीसुद्धा.

ऐकू न येणाऱ्यांच्या घरच्या माणसांना ती खुणांची भाषा शिकवायची, रोज चार वाजता, लॅपटॉपसमोर बसून. वर्ग म्हणजे तिचा जीव की प्राण. पण या विद्येत चित्र अडकलं की सगळंच अडकलं. हात हवेतच थिजला तर पाणी कुठलं आणि औषध कुठलं, कळायचं कसं? त्या दिवशी आठवड्यात तिसऱ्यांदा चित्र अडकलं. संध्याकाळी हा वर्ग चालवणाऱ्या केंद्रातल्या मोठ्या बाईंचा फोन आला. "आणखी एकदा असं झालं ना, तर वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल गं."

फोन ठेवून ती तडक लॅपटॉपसमोर बसली. तिने वायफायची सेटिंग उघडली. जोडलेल्यांची यादी समोर आली. लॅपटॉप आपला. फोन आपला. टीव्ही आपला. बाबांचा फोनही आपलाच. आणि हा पाचवा?

"बाबा, आपल्याकडे पाचवं काय आहे?"

"पंखा?"

"वायफायवर, बाबा!"

बाबांनी पेपर जरा वर धरला. एवढा, की चेहरा झाकला जावा.

दोन दिवस तिने पाळत ठेवली. पाचवा फोन बरोबर पावणेचारला यायचा, पाचला जायचा, आणि मधल्या वेळात ढीगभर काहीतरी पाठवत राहायचा. सापडला चोर! घराचा नंबर दोनदा लिहिला की झाला, असला तो पासवर्ड तिने काढून टाकला आणि स्वतःलाही पाठ होणार नाही असा लांबलचक नवा ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्ग पाण्यासारखा वाहिला. मोठ्या बाई खूश. ती मात्र… तास संपला तरी पडद्याकडे बघत बसली. 'शिकाऊ' आला नव्हता.

शिकाऊ म्हणजे तिचा एक विद्यार्थी. नाव तेवढंच लिहिलेलं, कॅमेरा कायम बंद. पण गृहपाठाच्या व्हिडिओत त्याचे हात दिसायचे. सावकाश, जपून बोलणारे हात. डाव्या अंगठ्यावर चंद्रकोरीसारखा व्रण. ती दरवेळी शेरा द्यायची, 'हात सुंदर. चेहरा कुठे आहे?' आणि प्रत्येक व्हिडिओ दोनदा बघायची. तपासायला. दुसऱ्यांदाही तपासायलाच, बरं का!

तीन दिवस झाले, ते हात काही दिसेनात. चौथ्या दिवशी बाबा चाचरत म्हणाले, "पासवर्ड बदललास का गं? खालचा घड्याळवाला विचारत होता."

"म्हणजे तुम्ही दिला होतात?"

"आपलं भिंतीवरचं घड्याळ चालू केलं गं पोराने. म्हटलं, घे बाबा, हवेतूनच तर येतं!"

पायात चपला सरकवून ती तरातरा खाली गेली. चांगले चार शब्द सुनवायचे होते. डोळ्याला भिंग लावून तो एका उघड्या घड्याळावर वाकला होता. हात सावकाश, जपून चालले होते. डाव्या अंगठ्यावर चंद्रकोर…

चारही शब्द कुठल्या कुठे गेले.

"शिकाऊ?"

भिंग टपकन खाली पडलं. "बाई… गृहपाठ राहिलाय, माहीत आहे मला."

"तासाच्या तोंडावरच पाठवायचात?"

"दुपारी दुकान बंद असतं. मनासारखं जमेपर्यंत आठ-दहा व्हिडिओ करायचो आणि सगळेच पाठवायचो. दुकानात वायफायची रेंज येत नाही, म्हणून जिन्यात उभा राहून."

"त्यानेच माझं चित्र अडकत होतं! वर्ग जाणार होता माझा."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "देवाशप्पथ, माहीत नव्हतं. तुमच्या बाबांनी पासवर्ड दिला म्हणजे तुम्हालाही ठाऊक असेल, असं वाटलं."

मागच्या खुर्चीत त्याचे वडील बसले होते. पोराला कान लावून घड्याळ ऐकायला शिकवणारा तो म्हातारा. आता त्यालाच टिकटिक ऐकू येत नव्हती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी खूण केली: या, बसा. तिनेच शिकवलेली खूण, शिकाऊकडून म्हाताऱ्यापर्यंत पोचलेली! तिचे डोळे भरून आले. राग टिकणार कसा?

"आणि चेहरा का लपवायचा?"

"तो दाखवला असता, तर जिन्यात तुमच्यासमोर उभं राहता आलं नसतं."

"एरवी तरी कुठे येतं? आदळता की अंगावर!"

"आदळलात तुम्ही."

दोघंही हसली. मग तो हळूच म्हणाला, "एक सांगू? चित्र अडकलं की बाकीचे वैतागायचे. मला मात्र…"

"मला मात्र काय?"

"…तेवढाच वेळ तुम्हाला नीट बघता यायचं."

शेकडो खुणा शिकवणाऱ्या बाईंना त्या क्षणी एकही आठवेना.

संध्याकाळी तिने पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय सुरू केलं, वेग बेताचा ठेवला आणि त्याच्या पासवर्डची चिठ्ठी खाली नेऊन दिली. "गृहपाठ सकाळी पाठवायचा. एकच. आणि चेहऱ्यासकट."

सकाळी व्हिडिओ आला. एकच. हात होते, आणि त्यांच्या वर लाल कानांचा, घाबरलेला, हसरा चेहरा. हात म्हणत होते: आज पाच वाजता. तुम्ही. मी. चहा. मग हात थांबले आणि डोळे वाट बघत राहिले.

तिने व्हिडिओ तीनदा बघितला. या खेपेला तपासायला नाही. मग शेरा लिहिला, 'हात सुंदर. चेहराही. पाचला येते.'

आणि लॅपटॉप मिटता मिटता तिने पुन्हा ती यादी उघडली. पाचव्या फोनसमोर नावाची जागा अजून रिकामी होती. तिथे तिने लिहिलं, 'आपला'.