मोहाखालची गाडी

गाडी सकाळी जिवतीच्या घाटात सापडली. रस्त्याच्या कडेला, दारं नीट लावलेली. आत कुणी नव्हतं. आसनाखालचा काळा डबाही नव्हता.

फौजदार संघप्रिया रामटेके यांनी आत वाकून पाहिलं. ब्रेकच्या पेडलवर पिवळट, चिकट काहीतरी चेंगरलेलं होतं. त्यांनी ते नखाने खरवडून कागदात बांधलं.

गाडी साधी नव्हती. एका परदेशी कंपनीची सगळ्यात वरची सेडान, तिची येऊ घातलेली पिढी. कुणाला रूप कळू नये म्हणून अंगभर काळ्या-पांढऱ्या नक्षीचा कागद चिकटवलेला. आधीच्या पिढीला आपले खड्डे सोसले नव्हते. ही मात्र खड्डा लांबूनच ओळखून चाकं सावरून घेई. मागची चाकंही वळत, म्हणून एवढी लांब गाडी बैलगाडीच्या वाटेत फिरे. चंद्रपूरच्या उन्हात तापवून ती आतून किती लवकर गार होते, तेही तपासणं चालू होतं. दोन उन्हाळ्यांत ती जे शिकली, ते सारं त्या डब्यात होतं. दुसऱ्या कंपनीने त्यासाठी काहीही दिलं असतं.

गाडीचा मुक्काम असे त्या गावाजवळच्या विश्रामगृहावर संघप्रिया आल्या, तेव्हा कंपनीचा इंजिनीअर चंदन याने सांगितलं, की किल्ल्या दोनच. एक त्याच्याकडे, दुसरी गावातल्या सुकलू ड्रायव्हरकडे. व्हरांड्यात नक्षीच्या कागदाचं भेंडोळं पडलं होतं; ते कंपनीचं गुपित, कुणी उघडायचं नाही, असंही त्याने सगळ्यांना बजावलं. सुकलूला हवालदाराने आधीच जीपमध्ये बसवलं होतं. फाटकाशी त्याची बायको नीलाबाई रिकामी टोपली घेऊन बसली होती.

"गाडी कधी गेली?" संघप्रियांनी विचारलं.

"काल दिवेलागणीला. सुकलूच घेऊन गेला, मी व्हरांड्यातून पाहिलं."

"तेव्हाच का नाही कळवलं?"

"वाटलं, पेट्रोल भरायला गेला असेल. रोजचा माणूस. मग माझा डोळा लागला."

सुकलूने खाली बघतच उत्तरं दिली. काल गाडी धुतली, आतूनही पुसली, झाडाखाली लावली आणि जंगलातल्या पायवाटेने घरी गेला. वाटेत कुणी भेटलं नाही. एकट्या माणसाचा साक्षीदार कोण?

"आन् पहाटे?"

"मोह वेचून राह्यलो होतो, मॅडम. सारं गाव होतं तिथी."

संघप्रिया कुंपणातल्या मोहाखाली गेल्या. पिवळट फुलांचा दाट सडा पडला होता. मधोमध लांबट मोकळी जमीन, तिच्यावर चार-दोनच फुलं. तिथून फाटकाकडे चेंगरलेल्या फुलांचे दोन पट्टे गेलेले.

"हे झाड कोणाचं?"

"आमचं," नीलाबाई म्हणाली. "सासऱ्यापासून. गावातली झाडं वेचून मग इथी येते मी. आज शिपाईदादानं आत येऊ दिलं नाई."

"खाली झाडलं कधी?"

"काल सांजच्याले. गाडीच्या भवताल झाडलं. एक फूल ठेवलं नाई."

"मग हा सडा?"

नीलाबाईला हसू आलं. "बाई, तुमी इकडच्याच ना? मोह काय सांजी गळते? तो तर पहाटेचा."

संघप्रियांनी चंदनला झाडाखाली बोलावलं. आवाज चढवला नाही.

"गाडी दिवेलागणीला गेली असती, तर फुलं सगळीकडे सारखी पडली असती. इथे गाडीएवढी जागा मोकळी आहे. म्हणजे फुलं गळताना गाडी इथेच होती. जाताना तिने ती चेंगरली. पुसलेल्या गाडीच्या ब्रेकवर फूल मिळालं, म्हणजे चालवणाराही या सड्यावरूनच चालत आला. गाडी पहाटे गेली, आणि पहाटे सुकलू गावासमोर टोपली भरत होता."

"मग कुणी बाहेरचा असेल."

"बाहेरच्याकडे किल्ली नाही. आणि तुम्ही तर काल सुकलूला जाताना पाहिलंत. जे घडलंच नाही ते तुम्ही पाहिलं, कारण सुकलू एकटा असतो तो फक्त तेवढाच वेळ, जंगलातून घरी जाताना. घाट इथून पायी जवळ आहे. गाडी सोडून तुम्ही चालत परत आलात. डबा मात्र इथेच असणार. नक्षीच्या कागदाचं ते भेंडोळं उघडायला तुम्ही सगळ्यांना मनाई केलीय, नाही का?"

चंदनचे डोळे व्हरांड्याच्या कोपऱ्याकडे गेले. हवालदार तिकडेच वळला. भेंडोळं उलगडलं, आणि काळा डबा फरशीवर आदळला.

चंदन खाली बसला. "तो गावचा माणूस," तो पुटपुटला. "त्याचं कोण ऐकणार होतं?"

"झाडानं ऐकलं," संघप्रिया म्हणाल्या.

दुपारी घाटातून गाडी परत आणायला सुकलूलाच पाठवलं. नीलाबाईने तोवर पहिली ओंजळ झाडाच्या बुंध्याशी देवाला ठेवली होती. बाकीच्या फुलांना हात लावला नव्हता.

सुकलूने गाडी त्याच दोन पट्ट्यांवरून मागे घेतली. मागची चाकं हळूच वळली. गाडी त्या मोकळ्या जागेत अलगद बसली. एक फूलही नव्याने चेंगरलं नाही.

"उतर आता," नीलाबाई टोपली पुढे करत म्हणाली. "मोठा सायेब झाला. वेचू लाग."