पावणेपाच व्होल्टच्या खाली

"ती केबल लावू नका. ती चार्ज करत नाही, नुसतं सांत्वन करते."

दातांच्या दवाखान्यात, बसायच्या खोलीतल्या सॉकेटाशी मी वाकले होते. वळून पाहिलं, तर एक गाल टम्म सुजलेला तरुण. माझ्या फोनमध्ये तीन टक्के उरले होते आणि दवाखान्याची पातळ पांढरी केबल मी नुकतीच लावली होती. पडद्यावर चार्जिंगची खूण उमटली होती, म्हणजे वरवर सगळं आलबेल.

"चालू तर आहे," मी म्हणाले.

"अर्ध्या तासानं बघा. तीनाचे पाच झाले, तर माझा हा दुखरा दात तुम्हाला बक्षीस."

त्यानं पिशवीतून एक काळी केबल काढून पुढे केली. शहाण्या मुलीनं 'थँक्यू' म्हणून ती लावली असती. मी मात्र ती बोटांत दाबून पाहिली, पिनेजवळची मान वाकवून पाहिली आणि विचारलं, "आतल्या तारा किती गेजच्या?"

त्याचा दात दुखायचा थांबला असावा.

"चोवीस..." तो म्हणाला. "हे मला आजवर कुठल्या मुलीनं विचारलं नाही."

"आणि मुलानं?"

"त्यानंही नाही."

मग वीस मिनिटं आम्ही केबलींवरच बोललो. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. तार बारीक असली की चार्जरनं दिलेलं अर्धंमुर्धं वाटेतच मुरतं, केबल गरम होते आणि फोन बिचारा उपाशी. वर जाड प्लास्टिक चढवलं की दोन्ही दिसायला सारख्याच.

"बाहेरून कळत नाही, हीच तर पंचाईत," तो म्हणाला.

"माणसांचंही तसंच," मी बोलून गेले आणि जीभ चावली. तो खळखळून हसला आणि लगेच गाल धरून कळवळला. मला त्याची दया आली. दयाच म्हणूया आपण तिला... सध्या.

माझा नंबर लागला तेव्हा फोन एकवीस टक्क्यांवर होता. बाहेर आले तोवर तो आत गेला होता. केबल नीट गुंडाळून मी त्याच्या पिशवीवर ठेवली. नाव विचारायचं राहिलंच.

मी काय काम करते, हे त्याला सांगितलं नव्हतं. एका मोठ्या दुकानसाखळीच्या तपासणी खोलीत मी बसते. आमच्या दुकानांत विकायला येणारी प्रत्येक केबल आधी माझ्या टेबलावर येते. एका टोकाला पाच व्होल्टचा चार्जर, दुसऱ्या टोकाला मीटर. दोन अँपिअरचा भार टाकायचा आणि व्होल्ट वाचायचे. पावणेपाचच्या खाली गेली की नापास. मग त्या मालाला आमच्या एकाही दुकानाचं दार उघडत नाही.

सोमवारी सकाळी काचेतून बाहेर पाहिलं, तर बाकावर तोच. गाल जागेवर आलेला, मांडीवर वीस केबलींचं खोकं. आरशात दोनदा पाहिलं, केस सोडले, पुन्हा बांधले, मग त्याला आत बोलावलं.

"तुम्ही?" तो दारातच थबकला. "तरीच... गेज विचारलंत!"

"बसा," मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले. कारण मागच्या टेबलावर आमच्या मोठ्या बाई होत्या, आणि बाईंच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही.

तो हळू आवाजात बोलत राहिला. नोकरी सोडून त्यानं ताईबरोबर दोन खोल्यांत कारखाना थाटला होता. तार तो निवडायचा, जोड ताई करायची. "इथं नापास झालो, तर दुसरं कुणी दारात उभं करणार नाही. जुने साहेब म्हणालेत, या आठवड्यात कळव, जागा ठेवतो."

"कुठं आहे ती नोकरी?"

"लांब. गाडीनं दहा तास." मग घाईघाईनं म्हणाला, "उपकार मागत नाहीये हां. चांगली असेल तर पास करा, नसेल तर नापास."

दहा तास... मी मान वर केली नाही. ही केबल पास व्हावी असं मला इतकं वाटत होतं, की मला माझीच भीती वाटली. ठरवलं, तसूभरही मऊ पडायचं नाही.

पहिली केबल लावली. चार पूर्णांक बासष्ट. दुसरी, चार पूर्णांक साठ. वीसच्या वीस पावणेपाचच्या खाली.

त्याचा चेहरा उतरत गेला. "पुन्हा एकदा बघता का?" त्यानं विचारलं.

एरवी मी बघितलं असतं. कुणासाठीही बघितलं असतं. पण तो 'कुणीही' नव्हता, आणि मागे बाई होत्या.

"आकडा तो आकडा," मी म्हणाले.

"बरोबर आहे," तो म्हणाला. नमुने नियमाप्रमाणे आमच्याकडेच राहिले. रिकाम्या हातांचं काय करावं हे न कळल्यासारखा तो दारात क्षणभर थांबला, मग गेला.

पुढचे दोन दिवस मालमोजणीत गेले, टेबल बंद होतं. गुरुवारी सकाळी कामाला बसले. रोज सगळ्यांत आधी आम्ही एक खात्रीची केबल लावून बघतो. तिचा आकडा ठरलेला, चार पूर्णांक नव्वद. तो आला तर मीटर ठीक, मगच पुढचं काम. खोलीत तिला सगळे 'मास्तर' म्हणतात.

गुरुवारी मास्तर नापास झाले.

मीटरच्या सॉकेटात बोट लावलं, तर ते हललं. हजारो पिना आतबाहेर होऊन सैल झालं होतं आणि व्होल्ट तिथंच सांडत होते. वही उघडली. सोमवारच्या रकान्यात मास्तरांचा आकडा नव्हताच. मास्तरांची पाच मिनिटं मी आरशासमोर घालवली होती.

नवं सॉकेट बसवलं. त्याच्या वीस केबली पुन्हा लावल्या. चार पूर्णांक ब्याण्णव, एक्क्याण्णव, ब्याण्णव... मास्तरांपेक्षा सरस.

"शेरा बदलायचा तर कारण लिहावं लागेल," बाई म्हणाल्या. "खरं कारण. आणि मग हे टेबल तुझ्याकडे राहणार नाही."

मी लिहिलं, 'सकाळची पडताळणी केली नाही.'

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पाच वर्षांत कधी चुकली नाहीस. लक्ष कुठं होतं?"

मी वही मिटून त्यांच्या पुढ्यात ठेवली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. दुपारी टेबल दुसऱ्या कुणाकडे गेलं आणि माझी रवानगी गोदामात झाली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि खोक्यावरचा पत्ता शोधत निघाले.

दार ताईनं उघडलं. आत तो खाली मान घालून बसला होता आणि समोर कापलेल्या केबलींचा ढीग होता. एकेकीची काळी साल सोलून आतलं तांबं उघडं केलेलं. चांगलं, लखलखीत, पुरेपूर तांबं.

"या," तो उठला. "तीन दिवस कापून बघतोय. तार ठीक, जोड ठीक. कुठं चुकलं तेच सापडत नाही. ताईचं तर जेवणावरसुद्धा लक्ष नाही."

"मीटर चुकला असेल... असं नाही आलं मनात?"

"मीटर?" त्याला खरोखरच नवल वाटलं. "मीटरवर तुम्ही होतात ना."

मला भडभडून आलं. उभ्यानंच मी सगळं सांगितलं. सैल सॉकेट, कोरा रकाना, बदललेला शेरा. "तुमचा माल पास आहे. चूक माझी होती. मी सकाळची पडताळणी विसरले, कारण... कारण तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात आणि मी केस बांधत बसले. पुन्हा बघा म्हणालात तेव्हाही बघितलं नाही, कारण तुम्ही जाऊ नये असं मला फार वाटत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. आता माझं टेबल गेलंय, तुमच्या केबली मी तपासणार नाही. म्हणून हे बोलता तरी येतंय. मला तुम्ही आवडता."

हातातली कात्री त्यानं हळूच खाली ठेवली. ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी तुमच्यावर रागावणार आहे," तो म्हणाला. "चांगला रागावणार आहे. तीन दिवस स्वतःवरच रागावत होतो... आता कुठं हक्काचं माणूस मिळालंय."

'हक्काचं' म्हटल्यावर तो ढिगातली एक तार सरळ करू लागला.

"किती वेळ रागावणार?" मी डोळे पुसत विचारलं.

"ते आत्ता कसं सांगू? वेळ लागेल." तो थांबला. "तुम्हाला घाई आहे?"

"नाही," मी म्हणाले.

"अरे, मग तिला बसायला तरी सांग!" आतल्या खोलीतून ताई ओरडली. त्यानं खुर्चीवरचं तांबं दोन्ही हातांनी बाजूला सारलं आणि मी बसले.