उलटा खटका

"पोरगी मुक्यावानी ऱ्हाती ते एक बरं हाय," चुलीपाशी सगुणाबाई नवऱ्याशी कुजबुजत होत्या. "खटक्याचं तिच्याम्होरं काय बी काढू नगा. कळलं तर उद्याच्याला कामथडीला पळंल."

हे साळूनं ऐकायचं नव्हतं. ती मागच्या पडवीत भात कांडत होती. पण मुसळ क्षणभर थांबलं की कुडापलीकडचं सगळं ऐकू येतं, हे इतकी वर्षं त्या घरात काढूनही तिच्या या सासूच्या ध्यानात आलं नव्हतं. साळूनं निमूटपणे मुसळ उचललं आणि एक घाव जरा जास्तच जोरात घातला. कामथडीला पळायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

भोरला राजाचं राज्य होतं, त्या काळातली ही गोष्ट. वैशाखात लग्न होऊन साळू सपाटीवरच्या कामथडीहून हिर्डोशीच्या डोंगरात आली, तेव्हा माहेरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. पण तिला इथं करमून गेलं. नवरा सावळाराम तिच्याइतकाच अबोल. रानातून येताना पटक्याच्या शेवात काहीबाही बांधून आणायचा, कधी करवंदं, कधी तोरणं, आणि न बोलता चुलीशी ठेवून द्यायचा. दोन मुकी माणसं एकमेकांना बरी सापडली होती.

घरात बोलायचं काम होतं ते आक्कांकडं. ठकुबाई, म्हणजे साळूचे सासरे रखमाजी, त्यांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी परतलेल्या. सगळं घर त्यांना आक्काच म्हणायचं. दातांना मिश्री, तोंडात शिवी आणि मुक्काम सोप्यात, पुढल्या दाराशी. घरची माणसं जत्रेला जावोत, लग्नाला जावोत, आक्का कधी घर सोडून गेल्या नाहीत. "समदीच गेली तर राखन कोन करंल? मांजर?" असं म्हणून बसून राहायच्या. पुढल्या दाराचा खटका त्यांनीच करवून घेतलेला. लोखंडी, आतबाहेर एकाच दांडीला जोडलेल्या दोन मुठी असलेला. कुठलीही मूठ खाली दाबली की पट्टी उचलली जायची आणि दार उघडायचं. सुतळीनं माप देऊन त्यांनी भावाला भोरच्या लोहाराकडं पिटाळलं होतं. स्वतः मात्र भोर कधी पाहिलं नव्हतं.

"तू घर राखाय शिकलीस ना पोरी," त्या साळूला म्हणायच्या, "की म्या जाऊन राजाचा वाडा बघून येते. म्होरल्या दारानं जाईन, ताठ मानेनं. मागल्या दारानं चोर जात्यात."

भाद्रपदात ताप आला आणि आक्का गेल्या. राजाचा वाडा बघायचा राहिला.

त्या घराची एक रीत होती. ती साळूला कुणी सांगितली नाही. तिनं ती भात कांडता कांडता, मुसळाच्या दोन घावांमधून गोळा केली. ज्या माणसाचा घरात फार जीव, ते गेलं की दहाव्याला झाडून सगळं घर नदीवर जायचं. गेलेलं माणूसही आपल्या माणसांमागून येतं म्हणतात. तेवढ्यात मागं सुतारानं पुढल्या दाराची उघडायची तऱ्हा बदलून ठेवायची. परत आलेला जीव जुन्या सवयीनं हात घालतो, दार उघडत नाही, आणि कंटाळून आपल्या वाटेला लागतो.

"मेलेल्या मानसाला नवं शिकता येत न्हाई," रखमाजी म्हणायचे.

त्याप्रमाणे सगळे नीरेवर गेले. पिंड ठेवला. कावळा येईना. "आक्का, तुजी गाय इकनार न्हाई" म्हणून झालं, "तुजी मिश्रीची डबी कुनाला देनार न्हाई" म्हणून झालं. शेवटी सावळारामनं "खटक्याला तेल घालीत जाईन" असंही कबूल केलं. समोर झाडावर कावळे होते, पण पिंडाकडं ढुंकून पाहीनात. जणू तिथं कुणी आलेलंच नव्हतं. अखेर दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं घरी परतली. सोनबा सुतारानं तोवर खटका उलटा बसवला होता. मूठ आता वर उचलायची.

पहिले काही दिवस नुसता तमाशा. रखमाजी मूठ खाली दाबून दाराला कपाळ आपटायचे. सावळाराम डोक्यावर गवताचा भारा घेऊन आपल्याच दारात चोरासारखा खुडबुड करायचा. सगुणाबाई भरली घागर कडेवर घेऊन दाराला शिव्या घालायच्या, आणि मग शिव्यांच्या मूळ मालकिणीची आठवण येऊन एकदम गप्प व्हायच्या. साळूच्या हाताला जुनी सवय लागायला वेळच मिळाला नव्हता. ती मूठ वर उचलायची, दार उघडायचं, आणि पदराआड हसू दाबत ती बाजूला व्हायची.

मग दिवेलागणीला तो आवाज यायला लागला.

माणसं घरी आली, गुरं बांधली, दार लागलं, की सोप्याच्या अंधारातून... खट्. जरा थांबून... खट्. मूठ खाली जायची, वर यायची. वारा नसायचा. डोंगर दारापर्यंत सरकल्यासारखे वाटायचे, ओल्या शेणाचा आणि धुराचा वास घरात कोंडायचा, आणि भाकरी मोडणारे हात जिथल्या तिथं थांबायचे.

"उंदीर हाय," सगुणाबाई साळूकडं बघून म्हणायच्या.

साळू मान डोलवायची. मूठ दाबणारा उंदीर तिनं कामथडीला पाहिला नव्हता. पण डोंगरातले उंदीर वेगळे असतील.

"ऱ्हाऊ दे भायेर," रखमाजी घास गिळत पुटपुटायचे. "कटाळून जाईल."

पण आक्का कंटाळेनात. दिवाळी झाली, भात कापून खळ्यावर आलं, तरी खट् काही थांबेना. सगुणाबाईंचे डोळे खोल गेले.

साळू मात्र बघत होती. दाराची बाहेरची मूठ लखलखीत असायची. आतली रोज काळी पडायची. ती सकाळी राखेनं घासून काढायची, आणि घासताना बोटांना वास यायचा... मिश्रीचा. शिवाय ते मांजर. जन्मभर दह्यावर टपलेलं, फक्त आक्कांना भ्यायचं. आक्का गेल्या, तरी सोपा ओलांडून आत यायची त्याची छाती होत नव्हती. उंबऱ्याशी यायचं, कुणाकडं तरी मान वर करून बघायचं आणि मागच्या मागं फिरायचं.

एका संध्याकाळी वासरू सुटलं म्हणून ती बाहेर गेली. ते बांधून ओट्यावर आली तर दार लागलेलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत मूठ हळूच खाली गेली. खट्. ओट्यावर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. आतून कुणीतरी आपल्यालाच दार उघडतंय, असं वाटून तिनं मूठ उचलली आणि दार बोटभर ढकललं. सोपा रिकामा. पलीकडं चुलीच्या उजेडात घरची तिन्ही माणसं हातात घास धरून दाराकडं बघत बसलेली. आणि त्या बोटभर फटीतून तिच्या तोंडावर ऊन ऊन वारा आला... अगदी जवळ उभं राहून कुणी श्वास सोडावा तसा. मिश्रीच्या वासाचा.

साळूनं दार ओढून घेतलं आणि मागल्या दारानं आत गेली. पण गोधडीत शिरल्यावर एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, आणि भीतीच्या मधूनच तिला हसू फुटलं.

आक्का नदीवर गेल्याच नव्हत्या! सगळं घर निघालं म्हटल्यावर त्या कशा जातील? राखणीला बसल्या असणार. दिवसा जाता-येता दार कितीदा तरी उघडतं, पण माणसं रानात असताना राखण सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सगळी घरी परतली, दार लागलं, की त्या बाहेर पडायला मोकळ्या. आणि नेमका तेव्हा खटका उघडेना. मागल्या दारानं तर चोर जात्यात.

"वर उचला," एवढंच त्यांना कुणीतरी सांगायचं होतं. पण एकटीनं त्या सोप्यात जायचं कसं? आणि चारचौघांत सासऱ्यासमोर तोंड उघडायचं, ते तर त्याहून अवघड.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सोनबा हत्यारांची पिशवी घेऊन आला. रखमाजींनी त्याला सोप्यात बसवलं. "खटका पुन्हा फिरव. आता मूठ आडवी फिरंल आसं कर."

"फिरवतो की," सोनबा म्हणाला. "पर मागल्या खेपंला आर्ध्या कामात कुनीतरी माजी हातोडी लपवली व्हती, बगा. घरात तर कुनी नव्हतं."

त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. सगुणाबाई सावळारामकडं वळल्या. "आनि पोरीला उद्या कामथडीला पोचवून ये. ती आली आनि वरसाच्या आत आक्का गेल्या. पायगुन कुनाचा कसा, काय सांगावं? हे निवळलं की आनू."

"कवा निवळंल?" सावळारामनं खाली बघत विचारलं.

सगुणाबाईंनी सोनबाची पिशवी दाराकडं सरकवली.

माजघराच्या दारात साळू पेटती चिमणी घेऊन उभी होती. 'निवळलं की आनू' म्हणून माहेरी बसवलेल्या बायका तिनं पाहिल्या होत्या. त्यांचे केस पिकले, तरी काही निवळलं नव्हतं.

खट्.

सगळे दारापासून मागं सरले. रखमाजी तेवढे धावले आणि त्यांनी दाराला पाठ लावली. "भायेरच ऱ्हा, आक्का..." आवाज चिरकला. "भायेरच ऱ्हा..."

खट्. त्यांच्या कमरेशी आतली मूठ खाली गेली.

साळूनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुढं झाली. चिमणी धरून ती काळी मूठ सासऱ्यांना दाखवली. मग माशी हाकलावी तसा हात हलवून त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. सुनेनं असा हात हलवलेला रखमाजींनी जन्मात पाहिला नव्हता; त्या धक्क्यानंच ते सरकले.

तिनं मूठ धरली, सावकाश वर उचलली, सोडली. पुन्हा उचलली. पोराला बोट धरून अक्षर गिरवून दाखवावं तशी. आणि मग हात काढून घेतला.

मूठ जरा अडखळली... आणि आपली आपण वर गेली.

दार उघडलं. चिमणीची ज्योत आतून बाहेर लवली. मिश्रीचा वास सगळ्यांच्या नाकावरून सरकत गेला, उंबऱ्याशी घुटमळला, ओट्याच्या पायऱ्या उतरला आणि भोरच्या वाटेला लागला. अंगणातलं कुत्रं शेपूट हलवत थोडं त्या वासामागं गेलं आणि परत फिरलं.

मग कुठूनसं मांजर आलं, कुणाचीही पर्वा न करता सोपा ओलांडून थेट दह्याकडं गेलं, आणि सगुणाबाईंना रडू आणि हसू एकदमच आलं. "आतच व्हती की वं बया! आनि आपन भायेरच्याला भ्यायलो!"

सावळारामनं साळूच्या हातातली चिमणी घेतली.

रखमाजींनी कपाळाचा घाम पुसला. "चल, सोनबा. आता दम खाऊ नगंस. ती माघारी यायच्या आत खटका फिरव. आनि पोरीला..."

साळूनं दाराकडं पाहिलं, मग सासऱ्यांकडं. त्या घरात सगळ्यांसमोर बोलायची तिची ही पहिलीच वेळ. तरी आवाज निघाला तो अगदी साधा, तांब्याभर पाणी मागावं तसा.

"खटका नगा फिरवू, मामंजी. म्या बी कुठं जायची न्हाई. राजाचा वाडा बघून येते, तंवर घर राख, म्हनाल्यात आक्का. आनि माघारी येतील तवा दार वाजायचं न्हाई... कसं उघडायचं ते आता त्यास्नी ठावं हाय."